खान्देशातील राजकीय गाणे: आरतीपासून डीजेपर्यंत

रॉक, मेटल आणि पंक या तिन्ही संगीतप्रकारांत राजकारण शब्दांतून जितके आले तितकेच आवाजातूनही आले. व्हिएतनाम युद्ध चालू असताना १९७० साली बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबाथने युद्धखोरांवर ‘वॉर पिग्ज’ रचले. १९७७ मध्ये इंग्लंडच्या राणीचा रौप्यमहोत्सव साजरा होत असताना सेक्स पिस्टल्सचे गाणे वाजवायला बीबीसीने नकार दिला. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या रेज अगेन्स्ट द मशीनने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये पोलिसी वर्णद्वेषाला नाव घेऊन शिवी हासडली. या संगीताचे जुने दुखणेही तेव्हापासूनचेच. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाची फरफट सांगणारे ब्रूस स्प्रिंगस्टीनचे ‘बॉर्न इन द यूएसए’ १९८४ साली अनेकांनी देशाभिमानाचे गीत म्हणून डोक्यावर घेतले. ध्रुवपद सगळ्यांच्या तोंडी बसले आणि कडवी कोणी ऐकलीच नाहीत.

महाराष्ट्रात या घराण्याचे थेट वारस मुंबईत सापडतात. द रायट पेडलर्स हा तिथला पंक बँड राजकीय उपहासासाठी ओळखला जातो. धम्मा विंग्ज या बँडने आंबेडकरी विचार गिटार आणि ड्रम्सवर आणला. जळगाव-धुळ्यात असा प्रवाह उभा राहिला नाही. इलेक्ट्रिक गिटार इथे आली ती लग्नाच्या बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात. पण सत्तेला नावानिशी जाब विचारणारे, समूहाने गायचे आणि कानठळ्या बसवणारे गाणे खान्देशाला परके नाही. सातपुड्यातल्या काठी संस्थानच्या राजवाडी होळीत रात्रभर घुमणारे मोठे ढोल ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना मेटलच्या आवाजाचे फारसे अप्रूप वाटू नये. प्रश्न आवाजाचा नसून त्या आवाजावर बसून कोणते शब्द आले आणि ते शब्द कोणाच्या मालकीचे होते, हा आहे. या दृष्टीने खान्देशाचा गेल्या नऊ दशकांचा हिशेब मांडता येतो.

१९३० साली साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकाची नोकरी सोडली आणि मिठाच्या सत्याग्रहात उडी घेतली. ‘पत्री’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह. त्यातल्या राष्ट्रीय कवितांनी लोक पेटतील या धास्तीने इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. गीतसंग्रह जप्त होणे ही राजकीय गाण्याला मिळणारी सर्वांत खणखणीत पावती असते, आणि ती खान्देशाला पंकच्या जन्माआधी चाळीस वर्षे मिळाली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरले आणि पंडित नेहरू त्याचे अध्यक्ष होते. त्यानंतरच्या वर्षांत गुरुजी पूर्व खान्देशातल्या शेतकऱ्यांमध्ये आणि अमळनेरच्या गिरणी कामगारांमध्ये वावरले. ‘आता उठवू सारे रान’ हे त्यांचे गाणे पुढे राज्यभरच्या शेतकरी मोर्चांचे झाले. गुरुजींच्या राजकीय रचनेचे वैशिष्ट्य असे की तिला गवई लागत नाही. शब्द सोपे, चाल ठेक्याची, ओळ एका दमात म्हणता येण्याजोगी. समीक्षकांनी या साधेपणाला बरेचदा बाळबोध म्हणून बाजूला सारले, आणि तो निकाल उतावीळ होता. हजार माणसे एकत्र म्हणतील अशी ओळ लिहिणे हे कसब आहे. चांगला पंक गीतकारही तीन सुरांत तेच साधायला धडपडतो.

याच काळात पश्चिम खान्देशात एक निराळी गोष्ट घडत होती आणि तिची नोंद संगीताच्या इतिहासात सहसा होत नाही. तळोद्याजवळच्या मोरवड गावी १९३८ साली गुला महाराज या भिल्ल सत्पुरुषाने आरतीचे मेळावे सुरू केले. हजारोंच्या संख्येने आदिवासी येत आणि सामूहिक आरती गात. दारू सोडायची, अंघोळ करून स्वच्छ राहायचे, एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने हाक मारायची, एवढाच उपदेश असे. या आरतीत सरकारविरोधी शब्द नव्हता, सावकाराचे नावही नव्हते. तरी दारूच्या दुकानांचा धंदा बसला, जमीनदारांना धास्ती वाटली आणि प्रशासन सावध झाले. गुला महाराज त्याच वर्षी वारले. भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे चालवले आणि त्यांना हद्दपारी भोगावी लागली. राजकीय गाणे म्हणजे राजकीय शब्दांचे गाणे, ही ढोबळ व्याख्या मोरवडला अपुरी पडते. वर्षानुवर्षे ज्यांना ‘अरे’ म्हणून हाकारले गेले, ते एका आवाजात गाऊ लागले की भक्तीचे शब्दही जाब विचारू लागतात.

१९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे साथीदार ज्या मिरवणुकीत गोळ्यांना बळी पडले, तिच्यातली घोषणा गुजरातीत होती. खान्देशी राजकीय गाण्याला एक भाषा नाही हे तेव्हापासून दिसते. अहिराणी, गुजराती, भिलोरी, पावरी, लेवा गणबोली आणि प्रमाण मराठी यांच्यात ते फिरत राहिले. छापील संग्रहात मात्र प्रामुख्याने प्रमाण मराठीच उतरली, म्हणून आज हाती लागणारे चित्र एकांगी आहे.

आंबेडकरी गाण्याची परंपरा या सगळ्यांत सर्वांत सलग आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली गणगौळण उलटवली आणि भटशाही-सावकारीवर वग रचले. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांच्या जलशाने तोच साचा आंबेडकरी चळवळीसाठी वापरला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक नंतर गावोगाव हिंडले, आणि शेजारच्या खान्देशात ही लाट पोचली नसती तरच नवल. डॉ. आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले होते. त्यांच्या मुक्कामाची आठवण म्हणून लळिंग किल्ल्याच्या परिसरातल्या लांडोर बंगल्यावर दर ३१ जुलैला लोक जमतात. भर पावसाळ्यात, हिरव्या पडलेल्या कुरणात, पुस्तकांच्या आणि प्रतिमांच्या दुकानांमध्ये भीमगीते दिवसभर चालू असतात. पूर्वी इथे कॅसेट विकल्या जात, मग सीडी आल्या, आता गाणी थेट मोबाइलवर जातात.

याच परंपरेत मुक्ताईनगरचे लोककवी प्रतापसिंग बोदडे येतात. ‘भीमराज की बेटी’ हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे गाणे खान्देशाबाहेर, हिंदी मुलखातही पसरले. त्याचे बळ कशात आहे? ‘मी’ म्हणून बोलणारी बाई त्यात आहे. जयंतीची बहुतेक गाणी महापुरुषाच्या गुणगानात संपतात. इथे गुणगान पार्श्वभूमीला राहते आणि त्या वारशावर हक्क सांगणारी मुलगी पुढे येते. ‘बाबासाहेब थोर होते’ याऐवजी ‘मी त्यांची लेक आहे, आता माझ्याशी गाठ आहे’ असा सूर लागतो. राजकीय गीताची ही फार जुनी आणि फार परिणामकारक युक्ती. तिसऱ्या पुरुषातली स्तुती ऐकली जाते, पहिल्या पुरुषातली ललकारी गायली जाते.

डीजेवर हेच गाणे ऐकले की काय उरते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ट्रॉलीवर बेसच्या पेट्यांची भिंत उभी असते, वर टॉप, मागे जनरेटर. मिश्रण करणारा मुलगा मूळ गाण्यातली ध्रुवपदाची एक ओळ उचलतो, तिच्यातला महापुरुषाच्या नावाचा तुकडा आठ-दहा वेळा फिरवतो, ठेका क्षणभर तोडतो आणि मग बेस आदळतो. कडवी जातात. कडव्यात जे असते ते म्हणजे पाणवठा, जमीन, शाळा, गावकी, थोडक्यात मागणी. उरते ते नाव. नाव पुरेसे नसते असे म्हणता येणार नाही. ज्या रस्त्यावरून आजोबांना चप्पल हातात घेऊन जावे लागले, त्या रस्त्यावर ते नाव शंभर डेसिबलने वाजणे हेही एक विधान आहे, आणि डीजेला नाके मुरडणाऱ्यांना ते कळत नाही. पण ते विधान एकदा करून झाले की पुढची ओळ लागते, आणि ती ओळ मिक्सरवर कापली गेलेली असते. स्प्रिंगस्टीनच्या गाण्याचे जे झाले, तेच इथे यंत्राच्या हातून होते.

शहाद्याची चळवळ ही खान्देशी राजकीय गाण्याची दुसरी मोठी शाळा. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आणि बाहेरून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या साथीने आदिवासींचे संघटन वाढले. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंगांना लोक ‘महाराज’ म्हणत, यात मोरवडच्या आरतीचा धागा स्पष्ट दिसतो. शिबिरांत गाणे हा अभ्यासवर्गाचाच भाग होता. होळीच्या आणि लग्नाच्या चालींवर सालदारीचे, रोजगार हमीचे, जमिनीच्या कागदाचे शब्द बसवले गेले. दारूबंदीसाठी बायकांनी मडकी फोडली तेव्हा गाण्याचा रोख घरातल्या नवऱ्याकडेही वळला. बाहेरच्या शत्रूवर गाणे रचणे सोपे असते. नवऱ्यासमोर उभे राहून त्याच्याच दारूवर गाणे म्हणणे अवघड. या दुसऱ्या प्रकारचे गाणे शहाद्याच्या बायकांनी म्हटले. जगभरच्या पंकमध्ये असे गाणे बायकांच्या बँडकडून आले ते त्यानंतर.

त्या चळवळीतून पुढे आलेले वाहरू सोनवणे भिलोरी आणि मराठीत लिहितात. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ मध्ये आला. त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या ‘स्टेज’ या कवितेचा रोख चळवळीच्या आतल्या उतरंडीवर आहे: आदिवासींचे दुःख आदिवासींनाच सांगणारे वर मंचावर आणि ज्यांचे दुःख ते खाली बसलेले. ही तक्रार रॉकलाही लागू पडते. पीडितांच्या बाजूने गाणारा गायक आणि तिकीट काढून आलेला श्रोता यांच्या मध्ये मंच असतोच. शहाद्यात तो मंच निदान दिसला आणि त्यावर बोट ठेवणारा कवी तिथलाच निघाला. राजकीय कलेची आपली आपण केलेली एवढी नेमकी समीक्षा मराठीत थोडी आहे.

रॉक आणि खान्देश यांची खरीखुरी गाठ पडली ती नर्मदेच्या काठी. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे जाणार होती. ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हे तालुके धुळे जिल्ह्यात होते. मणिबेली हे त्यांतले पहिले गाव. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सत्याग्रह झाले, पाण्यात उभे राहून लोकांनी गाणी म्हटली आणि १९९३ मध्ये जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. त्या काळात नर्मदा बचाओ आंदोलनात पूर्णवेळ काम करणाऱ्यांत राहुल राम हे होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले हे गृहस्थ दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचे बेस गिटारवादक आणि गायक. बँडच्या ‘कंडिसा’ या २००० सालच्या अल्बममधले ‘मा रेवा’ हे नर्मदेचे पारंपरिक स्तुतिगीत खोऱ्यातले आहे.

‘मा रेवा’ नीट ऐकले तर त्यात धरण नाही, विस्थापन नाही, सरकार नाही. नदीचे कौतुक आहे. एकाच फेऱ्यात घुमत राहणारा बेस, त्यावर चढत जाणारा तालवाद्यांचा ठेका आणि समूहाने उचललेले ध्रुवपद, एवढ्यावर ते उभे आहे. तरीही १९९० नंतरच्या भारतीय रॉकमधले ते बहुधा सर्वांत राजकीय गाणे ठरते. जी नदी अडवली जात आहे तिची स्तुती, ती अडवली जात असताना, त्या काठावर राहून आलेल्या माणसाने गायली. त्याला वेगळी घोषणा लागत नाही. मोरवडच्या आरतीचीच ही जात. ब्राझीलच्या सेपुल्तुराने १९९६ च्या ‘रूट्स’ या अल्बमसाठी शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन ध्वनिमुद्रण केले. त्या प्रयोगाची जगभर चर्चा झाली, त्या मानाने ‘मा रेवा’ची राजकीय बाजू कमीच चर्चिली गेली. महाविद्यालयांच्या मैफलींत ते निव्वळ आनंदाचे गाणे म्हणून नाचले जाते. मात्र एक फरक नोंदवायला हवा. आंदोलनात म्हटली गेलेली पावरी आणि भिलोरी गाणी या वाटेने बाहेर आली नाहीत. त्यांची रचना अशी की एकजण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, आणि प्रत्येक फेरीत गावाचे, डोंगराचे किंवा साहेबाचे नाव बदलते. चार मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात ही पद्धत मावत नाही, कारण तिची गंमत आणि तिचे राजकारण दोन्ही त्या लांबीत आहे. यादीत आपल्या पाड्याचे नाव येईपर्यंत कोणी उठत नाही.

या सर्व घडामोडींना समीक्षेची चौकट देण्याचा मोठा प्रयत्न धुळ्यातच झाला. कॉम्रेड शरद पाटील (१९२५–२०१४) यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि १९८८ मध्ये ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. त्यांनी स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. रसाची, सौंदर्याची कसोटी जातिवर्गाबाहेर नसते, हा त्यांचा मुद्दा आणि आशय बरोबर आहे म्हणून कलाकृती चांगली ठरत नाही, हा त्याला जोडून येणारा इशारा. पहिला मुद्दा चळवळीतल्या लोकांनी उचलला आणि दुसरा ते सोयीस्करपणे विसरले. परिणामी जलशांची संख्या वाढली पण त्यांच्या चाली त्याच राहिल्या. विद्रोही व्यासपीठांवर आजही पन्नास वर्षांपूर्वीच्या शाहिरीचा साचा जसाच्या तसा ऐकू येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच वेळी भरले. साने गुरुजींच्या गावात दोन मांडव पडले ही गोष्ट लक्षणीय खरी, पण नवा सूर लागण्यासाठी दुसरा मांडव पुरत नाही.

सध्याची स्थिती सांगायची तर अहिराणीचे दिवस आवाजाच्या बाबतीत कधी नव्हते इतके चांगले आहेत. ‘केसावर फुगे’, ‘झुमकावाली पोर’ यांसारखी व्हिडिओ गाणी पुण्या-मुंबईच्या वरातींत वाजतात. ज्या बोलीत बोलायला शिकलेली पोरे शहरात लाजत, ती बोली राज्यभर नाचवते, हेच एक सांस्कृतिक राजकारण आहे. त्याचे श्रेय या गायकांना द्यायला हवे. पण या गाण्यांच्या शब्दांत प्रेम, थट्टा, कपडे आणि मोटारसायकल यांपलीकडे फारसे काही येत नाही. केळीचा पडलेला भाव, कापसाची खरेदी, गिरणा-पांझरेचे पाणी, सुरत-नाशिककडे जाणारी तरुण पिढी हे सगळे अहिराणीत रोज बोलले जाते. गाण्यात ते येते ते निवडणुकीच्या रिक्षावर, लोकप्रिय चालीवर उमेदवाराचे नाव बसवून, आणि मतदान आटोपले की विरते. बाजाराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. साने गुरुजींच्या मागे शेतकरी होते, वाहरूंच्या मागे श्रमिक संघटना होती. आजच्या अहिराणी गायकाच्या मागे फक्त व्ह्यूजचा आकडा आहे.

आदिवासी पट्ट्यात चित्र थोडे वेगळे आहे. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला धुळे-नंदुरबारच्या रस्त्यांवर वाहनावर चढवलेले बँड आणि डीजे निघतात. खाज्या नाईक, भीमा नाईक, बिरसा मुंडा यांची नावे त्या गाण्यांत असतात. १८५७-५८ मध्ये सातपुड्यात इंग्रजांशी झुंजलेल्या खाज्या नाईकाचे नाव पाठ्यपुस्तकात जेमतेम ओळभर येते. इथे ते हजारोंच्या तोंडी असते. अस्मितेचे हे गाणे जोमदार आहे. वनहक्काच्या दाव्यांबद्दल, २००६ च्या कायद्याबद्दल ते अजून तोंड उघडत नाही. शहाद्याची जुनी गाणी मात्र सातबाऱ्यापर्यंत पोचली होती.

नवा सूर कुठे दिसत असेल तर तो रॅपमध्ये. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाच्या मराठी रॅपवरून अंबरनाथ पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. त्या रॅपला आदल्या वर्षीच्या शिवसेना फुटीची आणि तिच्यावर झालेल्या आरोपांची पार्श्वभूमी होती. जळगाव जिल्ह्यातले शिवसेनेचे आमदारही त्या फुटीत शिंदे गटासोबत गेले होते, म्हणून हा विषय इथल्या चहाच्या टपरीवर शिळा झाला नव्हता. रॅपला वाद्यवृंद लागत नाही, मोबाइल पुरतो, आणि त्यात कडवे कापता येत नाही, कारण रॅप म्हणजे सबंध कडवेच. डीजेच्या हातून जे निसटते ते इथे टिकते. अहिराणीची तोडून बोलायची, टोमणा मारायची सवय या प्रकाराला नैसर्गिक आहे. बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात दरवर्षी विद्यार्थी समूहगान आणि लोकसंगीत सादर करतात. तिथे देशभक्तीची ठरलेली गीते पाठ करून बक्षीस मिळवण्याऐवजी स्वतःच्या तालुक्यावर स्वतःच्या बोलीत रचना करणारा संघ परीक्षकांनी उचलून धरला, तर चार वर्षांत चित्र पालटू शकते.

त्याआधी एक काम तातडीचे आहे. मोरवडची आरती, शहाद्याची शिबिरगीते, मणिबेलीची पावरी गाणी आणि लळिंगला गायलेली जुनी भीमगीते ज्यांना तोंडपाठ आहेत ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. धुळ्यात जुन्या कागदपत्रांचे जतन करणारे राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखिते आहेत, जळगावला विद्यापीठ आहे. या संस्थांनी ध्वनिमुद्रक घेऊन या गायकांच्या घरी जावे आणि गाणे म्हणणाऱ्याच्या नावानिशी, त्याच्या बोलीतच, पूर्ण कडव्यांसह नोंदवून घ्यावे.